टीव्हीवर फिरणारा गोल

शालिग्राम वायाळ कृषी खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी मनाशी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. यापुढे कोणाला सल्ला द्यायचा नाही आणि कोणाचा घ्यायचा नाही. पहिली गोष्ट त्यांना फार सोपी गेली, कारण कोणी मागायलाच आलं नाही. दुसरीचा मात्र एका काडीनं पार निकाल लावला.

काडी म्हणजे टीव्हीच्या पाठीत खोचायची बोटभर लांबीची काळी वस्तू. ती खोचली आणि घरात वायफाय असलं की इंटरनेटवरचं सगळं टीव्हीवर दिसतं, असं त्यांच्या लेकीनं, संजीवनीनं, परदेशी जाताना सांगितलं होतं. दिसायचं हे खरं. पण वायाळसाहेबांच्या घरी जे दिसायचं त्याला दिसणं म्हणायचं की भास, हे ठरवणं अवघड होतं. माणसं यायची ती चौकोनाचौकोनांची. ओठ आधी हलायचे, आवाज मागाहून यायचा, आणि दोघांची गाठ पडायच्या बेतात असताना मधोमध एक पांढरा गोल येऊन फिरायला लागायचा. तो फिरायला लागला की साहेब चष्मा पुसायचे. चष्म्याचा काही दोष नाही हे त्यांना माहीत होतं, पण तेवढ्या वेळात माणसानं दुसरं करायचं तरी काय?

एरवी त्यांनी हेही सोसलं असतं. नोकरीत त्यांनी याहून अंधुक गोष्टींवर सह्या केल्या होत्या. पण संजीवनीला आयर्लंडमध्ये डॉक्टरेट मिळत होती. लोणारची पोरगी, सोयाबीनच्या मुळांवर अभ्यास करून, साता समुद्रापलीकडे डॉक्टर होत होती. तिच्या आईच्या, पुष्पाबाईंच्या, गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे आईबापांना जाणं शक्य नव्हतं. विद्यापीठ तो समारंभ इंटरनेटवरून थेट दाखवणार होतं, आपल्याकडच्या गुरुवारी संध्याकाळी. नाव पुकारलं जाणार, पोरगी लाल झगा घालून मंचावर चढणार, एका म्हाताऱ्या गृहस्थाशी हात मिळवणार आणि दुसऱ्या बाजूनं उतरणार. एक जांभई पूर्ण व्हायच्या आत सगळं आटोपणार. त्याच जांभईत गोल आला की खेळ खलास.

“मागून रेकॉर्डिंग पाहाले मिळते,” साहेबांनी एकदा म्हणून बघितलं.

“लगन लागल्यावर अक्षता टाकून काय करू?” पुष्पाबाई म्हणाल्या. “माही पोरगी तिथं चढून राह्यली तवाच मले पाहाची हाय.”

सरावासाठी म्हणून साहेबांनी त्याच विद्यापीठाचा मागच्या वर्षीचा समारंभ टीव्हीवर लावला. कोणीतरी तांबडं तांबडं मंचावरून सरकत गेलं. ते माणूस होतं की पडदा होता, कळलं नाही. पुष्पाबाईंनी विचारलं की यातून आपली संजू ओळखू येईल का. ही मागच्या वर्षीची पोरं आहेत, असं साहेबांनी सांगितलं. पुष्पाबाई म्हणाल्या, ते समजलं, पण तरीही. आणि गुडघ्यावर हात फिरवत बसून राहिल्या. तेव्हा साहेब उठले आणि या भानगडीत पडले.

पहिला सल्ला समोरच्या माणिकरावांचा. माणिकराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. गाडी कशानंही थांबली की आधी खाली उतरून चाकाला लाथ मारायची, ही त्यांची सवय. त्यांनी टीव्हीसमोर उभं राहून गोल पाहिला आणि मान हलवली. “आमच्याकडंही लय अटकून राह्यलं साहेब,” ते म्हणाले. हे ऐकून साहेबांना फार बरं वाटलं. दोष एकट्या आपल्या घराचा नाही, सगळ्या गावाचाच आहे, म्हटलं की माणसाचं अर्धं दुखणं उतरतं.

माणिकरावांच्या मते सगळा खेळ सरोवराचा होता. उल्का पडली त्या दगडापाशी होकायंत्र वेडंवाकडं फिरतं, असं त्यांनी कोणा गाइडला पर्यटकांना सांगताना ऐकलं होतं. होकायंत्राची ती गत, तर वायफायनं काय करावं? वायाळांचं घर पडलं सरोवराच्या अंगाला. लहरी राऊटरमधून निघतात न निघतात तोच खड्ड्याकडे घसरतात आणि टीव्हीपर्यंत पोचतच नाहीत. तेव्हा राऊटर उंच चढवायचा, म्हणजे लहरी घसरेपर्यंत टीव्हीचं काम होऊन जाईल.

साहेब शेतकी पदवीधर होते. यात तथ्य नाही हे त्यांना दिसत होतं. पण स्वतःलाच न पटलेल्या गोष्टी ठासून सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, त्यामुळे समोरच्याचा ठासून सांगण्याचा सूर ऐकला की ते आपोआप मान डोलवत. पलंगावर स्टूल चढलं, स्टुलावर साहेब चढले, आणि माळ्यावरच्या गाद्या आणि घंगाळाच्या मधोमध राऊटर जाऊन बसला. माणिकरावांनी एका हातानं स्टूल धरलं होतं आणि दुसऱ्यात स्वतःचा मोबाइल. “पण बंद नका करू बरं,” ते खालून पुन्हा पुन्हा सांगत होते. “चालू मशीन बंद केली का तिची सेटिंग उडते.” उतरताना साहेबांच्या कमरेत उसण भरली. गोल होता तिथंच राहिला.

दुसरा सल्ला जनकाबाईंचा. जनकाबाईंची आणि वायाळांची भिंत एकच. त्यांचं कुटुंब भाजीपाला पिकवतं, आणि बाजारात बसून जनकाबाईंना गिऱ्हाइकाच्या मनातलं आधीच ओळखायची सवय झालेली. राऊटरच्या मागे धातूची परात उभी केली की लहरी तिच्यावर आपटून पुढे फेकल्या जातात, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. साहेब पुन्हा स्टुलावर चढले. कणीक मळायची परात सुतळीनं राऊटरमागे बांधली. त्या दिवसापासून पुष्पाबाई पातेल्यात कणीक मळू लागल्या आणि पोळ्यांचे आकार बिघडले. एका दुपारी सुतळी सुटली, परातीनं माळ्यावरून उडी घेतली आणि साहेबांच्या खांद्याला घासून खाली आली. राऊटरला काही झालं नाही. जनकाबाई धावत आल्या, आधी माळ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. “हळद लावा भाऊजी,” त्या म्हणाल्या, “पण ते बंद-बिंद नका करू बाप्पा.”

या सगळ्या शिणवट्यात साहेबांना एकच समाधान होतं. गल्लीला अलीकडे त्यांची किंमत कळू लागली होती. गेले काही आठवडे कोणी ना कोणी काही ना काही पाठवत होतं. जनकाबाईंकडून वांगी यायची, माणिकरावांकडून ठेचा, कोपऱ्यावरच्या निवृत्ती किराणावाल्याकडून शेंगा. आयुष्यभर साहेबांनी या लोकांना फवारणीचं आणि बियाण्याचं सांगितलं होतं, ते वाया गेलं नाही, असं त्यांना वांग्याचं भरीत खाताना वाटायचं. उशिरा का होईना, केल्या कामाची जाण राहते लोकांना. त्या विचारात ते भाकरी जरा जास्तच खायचे.

गोल मात्र फिरतच होता, तेव्हा त्यांनी कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर एका गोड आवाजाच्या मुलीनं हिंदीत विचारलं की राऊटर एकदा बंद करून चालू केला का. “बिलकुल किया,” साहेब म्हणाले. केला नव्हता. पण वरून ‘अमुक केलं का’ अशी विचारणा झाली की ‘नाही’ म्हणायचं नसतं, हे ते खात्यात रुजू झाले त्याच आठवड्यात शिकले होते. थोड्या वेळानं मोबाइलवर निरोप आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली आहे, कृपया आमच्या सेवेला तारे द्या. साहेबांनी सगळे तारे दिले, कारण कमी दिले तर कारण लिहावं लागत होतं.

मग ते स्वतः बसस्टँडजवळच्या दुकानात गेले. वायफायची जोडणी देणारा गणेश तिथं बसायचा. गणेशनं विचारलं, “घरात किती जण वापरता काका?”

“दोघंच. मी अन् ह्या.”

“दोघांले तं हे नेट पुरून उरते,” गणेश म्हणाला, आणि पुढच्याच वाक्यात मोठा प्लॅन घेऊन टाका म्हणाला. पुरून उरतं तर मोठा कशाला, हा प्रश्न साहेबांच्या ओठांवर आला होता. पण कंबर दुखत होती आणि दुकानात बसायला खुर्ची नव्हती. त्यांनी मोठा प्लॅन घेतला.

आणि चमत्कार झाला. टीव्ही आरशासारखा लख्ख दिसू लागला. मागच्या वर्षीच्या पोरांना नाक-डोळे फुटले. पुष्पाबाईंनी हौसेनं दोनदा तो समारंभ पाहिला आणि अनोळखी पोरींसाठी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पुन्हा बांधलेली परात माळ्यावरून उतरवली. पण दोन-चार दिवस झाले नाहीत तो सगळं पहिल्यापेक्षा बिघडलं. आता गोल आधी यायचा आणि टीव्ही मागाहून लागायचा.

बुधवारी संध्याकाळी संजीवनीचा फोन आला. तिनं सगळं ऐकून घेतलं, खड्डा, परात, सगळं, आणि मग विचारलं, “बाबा, राऊटर पूर्ण बंद करून, थोडा वेळ तसाच ठेवून, मग चालू केला का एकदा?” लेकीशी खोटं बोलणं साहेबांना जमलं नाही. फोन ठेवून ते स्टुलावर चढले आणि कोणाचीही सेटिंग उडाली तरी चालेल अशा निर्धारानं पिन खेचली. हिरवे दिवे विझले.

साहेबांचे दोन्ही पाय जमिनीला टेकले नव्हते, तोच गल्लीतली दारं वाजू लागली. ते ओट्यावर आले. माणिकराव बनियनवर दारात उभे होते. जनकाबाईंची सून कडेवर लेकरू घेऊन बाहेर आली होती. निवृत्ती दुकानातून उतरून रस्त्याच्या मधोमध मोबाइल आकाशाकडे धरून उभा होता. पलीकडच्या घराच्या गच्चीवरही कोणी कोणी आलं होतं. सगळ्यांनी आधी आपापल्या मोबाइलकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. आणि मग सगळ्या गल्लीनं वायाळांच्या घराकडे पाहिलं.

“गेलं का साहेब?” माणिकरावांनी विचारलं.

“काय गेलं?”

“नेट.” माणिकरावांचा आवाज दुखावलेला होता. “बंद केलं का काय? म्या म्हणलं होतं नं, बंद करू नका म्हून.”

फाटकावरचा बल्ब जळत होता, म्हणजे लाईट गेली नव्हती. साहेब त्या बल्बकडे बघत उभे राहिले. माणिकरावांचं ‘आमच्याकडंही अटकून राह्यलं’, जनकाबाईंचं ‘बंद-बिंद नका करू’, गणेशचं ‘किती जण वापरता’, सगळं त्यांच्या डोक्यात हळूहळू जागच्या जागी बसत गेलं. ते आत गेले.

“पासवर्ड कोणाकोणाले देला?” त्यांनी विचारलं.

“मागाले आला त्याले,” पुष्पाबाई म्हणाल्या. त्या लसूण सोलत होत्या. “विरजण मागाले आलं तं नाही म्हणता का तुम्ही?”

साहेब खाली बसले. विरजण मागायला आलेल्याला माघारी पाठवायचं नाही, हे त्यांच्याही घरात त्यांच्या आईच्या काळापासून चालत आलेलं होतं. चमचाभर दिल्यानं आपलं दही कमी होत नाही, हेही खरं. पण इथं भांडंच रिकामं झालं होतं.

“अन् दिवे लागल्यावर कोणाले देला नाही,” पुष्पाबाईंनी आपली बाजू आणखी भक्कम केली. “सांजच्याले जी आली तिले म्हणलं, सकाळी ये.”

मोठा प्लॅन घेतल्याचंही त्यांनीच गल्लीत सांगितलं होतं. चांगली गोष्ट झाली तर सांगू नये का, असं त्यांचं म्हणणं. त्यावर निवृत्तीनं आपल्या मेव्हण्यालाही जोडून घेतलं होतं. आणि विरजणाचं भांडं कोणी रिकामं परत करत नाही, म्हणून वांगी, ठेचा आणि शेंगा. फवारणीचा आणि बियाण्याचा यात काही संबंध नव्हता. हे ऐकताना साहेबांना जे वाटलं ते परात खांद्यावर पडली तेव्हाही वाटलं नव्हतं.

“आज रातीच बदलतो पासवर्ड,” ते म्हणाले.

“बदला. उद्या जनकाबाईले तोंड तुम्हीच दाखोजा.” पुष्पाबाईंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली आणि थांबल्या. “गुडघा कापला तवा मले आंघोळ कोणं घातली? माणिकरावच्या घरून रोज डबा येत नव्हता का? मले उठता येत नव्हतं. माह्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं, म्हून देलं.”

साहेबांना चिडायचं होतं, पण चिडायलाही अंगात जोर लागतो. बायकोचं म्हणणं खरं होतं, आणि ते खरं आहे याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. त्यांनी राऊटर पुन्हा चालू केला. बाहेर गल्लीत दारं एकेक करून लागली.

विचाराअंती त्यांनी ठरवलं की पासवर्ड राहू द्यावा, पण घरोघर जाऊन प्रत्येकाला स्पष्ट सांगावं: उद्या संध्याकाळी तासभर माझं नेट कोणी वापरायचं नाही. मागणी रास्त होती. माल त्यांचा होता. अशा कामाला घरच्या कपड्यांवर गेलं तर वजन पडत नाही, म्हणून सकाळी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, केस बसवले आणि निघाले.

इथंच चुकलं. त्या गल्लीत शेजारी शेजाऱ्याकडे बनियनवर जातो. घरचा कर्ता इस्त्रीचे कपडे घालून एकेका दाराशी आला, तर तो आवतण द्यायलाच आलेला असतो; दुसऱ्या कशाला तसं येत नाहीत. माणिकरावांनी साहेबांना फाटकात पाहिलं आणि आधी खुर्ची पुढे केली. “काय, पोरीचं आवतण का साहेब?” त्यांनी विचारलं. आतून त्यांच्या बायकोनं डोकावून चहा टाकते म्हणून सांगितलं. साहेबांनी तोंड उघडलं. रास्त मागणी घशापर्यंत आली होती. “हाव,” ते म्हणाले. “सांजच्याले या. सगळे या.”

पहिल्या घरी हे झाल्यावर दुसऱ्या घरी वेगळं बोलायची सोय राहिली नाही. प्रत्येक घरी साहेब तासभर नेट बंद ठेवा म्हणायला गेले आणि चहा पिऊन, आवतण देऊन बाहेर आले. परत आले तेव्हा अंगावरचा शर्ट चुरगळला होता आणि पोटात चहा डुचमळत होता. पुष्पाबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं की दूध जास्त घ्यावं लागेल.

संध्याकाळी वायाळांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंजीवर बायका, दाराशी माणसं, खिडकीच्या गजांतून निवृत्तीचा मेव्हणा. पुष्पाबाई सगळ्यांत पुढे खुर्चीवर, पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. साहेबांनी देवाचं नाव घेऊन काडी चालू केली आणि डोळे मिटले. उघडून पाहतात तर टीव्हीवर आयर्लंड लख्ख दिसत होतं. म्हाताऱ्या गृहस्थांच्या झग्यावरची बटणं मोजता आली असती. साहेब चकित होऊन बघत राहिले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. नेट वापरणारी सगळी माणसं त्यांच्या घरात बसली होती. आपापल्या घरी कोणी उरलंच नव्हतं.

एकेक पोरगं येऊन जात होतं. साहेब चहाचे कप घेऊन मागे उभे होते, कारण पुढे जायला वाट नव्हती. तेवढ्यात मंचावर नावं पुकारणाऱ्या परक्या बाईनं आपल्या जिभेनं नाव पुकारलं, “सॅन्जिवॅनी वेयॉल,” आणि जनकाबाई उठल्या. त्यांनी घरून येताना ओवाळायचं ताट आणलं होतं. पोरगी एवढी डॉक्टर झाली, तिला ओवाळायचं नाही का? जनकाबाई उठल्या म्हणून माणिकरावांची बायको उठली, त्या उठल्या म्हणून सगळ्या बायका उठल्या, आणि बायका उठल्यावर माणसं कशी बसतील? टीव्हीसमोर सगळी गल्ली उभी राहिली. साहेबांना जनकाबाईंच्या हिरव्या लुगड्याचा पदर दिसला, माणिकरावांची टोपी दिसली. टाचा उंच केल्या तर उसण भरलेली कंबर कळवळली. पुढून पुष्पाबाईंचा आवाज आला, “आली माही बाई,” आणि मग त्या रडायला लागल्या. लोक खाली बसले तेव्हा मंचावर दुसराच कोणी लाल झग्यातला पोरगा चालत होता.

लोक चहा पिऊन, साहेबांची पाठ थोपटून घरी गेले. थोड्या वेळानं संजीवनीचा फोन आला. आई बोलली, पुष्कळ बोलली, आणि मग फोन साहेबांच्या हातात आला.

“बाबा, दिसले का मी?”

“दिसली नं,” साहेब म्हणाले. “समोरच उभी होती जशी काही.”

फोन ठेवून ते टीव्हीपुढे बसले. पुष्पाबाई स्वयंपाकघरात कोणाशी तरी संजूचंच बोलत होत्या. साहेबांनी तोच समारंभ पुन्हा लावला आणि मागे नेला. पांढरा गोल आला आणि फिरू लागला. बराच वेळ फिरत राहिला. त्यांनी चष्मा पुसला. तेवढ्यात खिडकीतून कुठूनसं ऐकू आलं, “सॅन्जिवॅनी वेयॉल.” मग जनकाबाईंच्या भिंतीपलीकडून. मग समोरून, माणिकरावांकडून, जरा मागाहून. गल्लीतल्या प्रत्येक घरात त्यांची पोरगी एकामागून एक मंचावर चढत होती. त्यांच्या घरात तेवढा गोल फिरत होता.

साहेब उठले, चपला घातल्या आणि बनियनवरच बाहेर पडले. जनकाबाईंच्या ओट्यावर सगळं घर एका मोबाइलभोवती गोळा झालेलं होतं. जनकाबाईंनी सरकून जागा केली. “या भाऊजी, पाहा तुमची पोरगी. आम्ही तं आता तिसऱ्यांदा पाहून राह्यलो.”

साहेब त्यांच्यात बसले. तळहाताएवढ्या काचेत लाल झगा घातलेली संजीवनी पायऱ्या चढली, हात मिळवला, आणि उतरायच्या आधी वळून समोर बघून हसली. लहानपणी शाळेतून बक्षीस घेऊन घरी यायची तेव्हा हसायची तसंच. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

“काऊन भाऊजी,” जनकाबाईंनी हळूच विचारलं, “तुमच्याकडं दिसून नाही राह्यली का?”

“दिसते नं,” साहेब म्हणाले. “इथं जराक चांगली दिसते. पुन्हा लावा.”